ब्रोंको नागुर्स्की : फुटबॉलचा राक्षस कुस्तीच्या रिंगणात का उतरला?

रानवेडा (धागाकर्ता)

डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते कुटत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला एवढं माहीत असतं की रॉक, गोल्डबर्ग, रोमन रेन्स ही मंडळी आधी अमेरिकन फुटबॉल खेळायची. पण या तिघांचंही फुटबॉल आधी संपलं आणि मग ते कुस्तीकडे वळले. रॉकला १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या संघाने नारळ दिला, गोल्डबर्ग जायबंदी झाला, रेन्सचा तर बस्तान बसायच्या आतच निकाल लागला. ज्याच्याबद्दल हा धागा आहे त्याची गोष्ट निराळी आहे. तो फुटबॉलमध्ये ऐन भरात होता, विजेत्या संघाचा मुख्य आधार होता, आणि तरीही कुस्त्या मारत गावोगाव हिंडत होता. कारण? फुटबॉलवर घर चालेना.

ब्रोनिस्लाव नागुर्स्कीचा जन्म ३ नोव्हेंबर १९०८ चा, कॅनडातल्या रेनी रिव्हर या गावचा. आईवडील युक्रेन-पोलंडकडून आलेले. पोरगा लहान असतानाच कुटुंब सीमा ओलांडून मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्सला आलं. शाळेतल्या बाईंना त्याचं नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी ‘ब्रोंको’ केलं असं सांगतात, आणि तेच जन्मभर चिकटलं. उंची सहा फूट दोन इंच, वजन सव्वादोनशे पौंडांच्या आसपास. आजच्या मानाने हे काहीच नाही, पण त्या काळात त्याला अडवायला उभे राहणारे बहुतेक गडी त्याच्याहून हलके असत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फुलबॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत मुसंडी मारणारा, आणि टॅकल म्हणजे त्या भिंतीतला माणूस. दोन्ही कामं वेगळ्या ठेवणीच्या माणसांची. मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळताना १९२९ च्या अखिल अमेरिकन निवडीत नागुर्स्कीचं नाव या दोन्ही जागांसाठी आलं. आदल्या वर्षीचा विस्कॉन्सिनविरुद्धचा सामना तो मणक्याला इजा झालेली असताना, कमरेला पोलादी पट्टा आवळून खेळला होता. मिनेसोटाने तो ६–० असा जिंकला आणि विस्कॉन्सिनचं विजेतेपद हुकलं. ते सहा गुण नागुर्स्कीचेच.

१९३० मध्ये शिकागो बेअर्सचे मालक-प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी त्याला वर्षाला ५,००० डॉलरवर घेतलं. तेव्हा ही रक्कम घसघशीत होती. पण महामंदी सुरू झाली होती. पुढच्या वर्षी पगार ४,५००, त्याच्या पुढे ३,७००. बरं, तेही वेळेवर मिळतील तर शपथ. १९३२ च्या हंगामाअखेर हॅलसच्या हातात रोकड नव्हती, तेव्हा नागुर्स्की आणि रेड ग्रेंजसारख्या बिनीच्या खेळाडूंच्या हातावर त्याने ‘नंतर देतो’ अशा चिठ्ठ्या टेकवल्या. पैसे पुढे दिले, हे हॅलसच्या बाजूने सांगायला हवं. पण ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्यालाच उधारीवर राबायची वेळ आली होती.

१९३३ पासून नागुर्स्कीने कुस्ती धरली. मिनिआपोलिसचा टोनी स्टेचर हा त्याचा कारभारी. याचा भाऊ ज्यो स्टेचर स्वतः जगज्जेता होऊन गेलेला, त्यामुळे धंदा घरचाच. २९ जून १९३७ ला मिनिआपोलिसमध्ये डीन डेटनला पाडून नागुर्स्की जगज्जेता झाला. (तेव्हा एकाच वेळी तीन-चार जगज्जेते असत. जेवढ्या संघटना तेवढे पट्टे.) आणि शरद ऋतू लागताच हा जगज्जेता पैलवान पुन्हा बेअर्सच्या मैदानात हजर. त्या हंगामात तीन आठवड्यांत त्याने फुटबॉलचे पाच सामने आणि आठ कुस्त्या केल्या. कुस्त्यांची गावं बघा: पोर्टलंड, व्हँकुव्हर, सिएटल, फीनिक्स, लॉस एंजेलिस, ओकलंड, सॉल्ट लेक सिटी, फिलाडेल्फिया. नकाशा काढून बघा म्हणजे कळेल.

हंगामाअखेर बेअर्स अंतिम सामन्यात पोचले आणि वॉशिंग्टनकडून २८–२१ ने हरले. नागुर्स्कीने पगारवाढ मागितली, हॅलसने ती दिली नाही, नागुर्स्की उठला आणि चालता झाला. वय २९.

---

खडूस_काका

लेख चांगला आहे. एक बाळबोध प्रश्न: ही कुस्ती ठरवून केलेलीच ना? मग ‘जगज्जेता’ म्हणून गळा काढण्यात काय हशील? उद्या नाटकातल्या शिवाजीला छत्रपती म्हणाल.

---

मातीतला

काका, निकाल ठरलेला असे हे खरंच. १९२०-३० च्या दशकात हा धंदा पूर्णपणे प्रमोटरांच्या मुठीत गेला होता. पण ‘ठरलेलं’ म्हणजे सुरळीत असं समजू नका. समोरचा पैलवान ऐनवेळी फिरला तर पट्टा खरोखरच जायचा, आणि पट्ट्याबरोबर तिकिटांच्या गल्ल्यातला मोठा वाटाही.

नागुर्स्कीचाच बेअर्समधला एक साथीदार घ्या, ज्यो सावोल्डी. इटलीत जन्मलेला, नोत्र दामचा फुलबॅक. १९३० मध्ये त्याने घटस्फोटाचा अर्ज केला आणि गुपचूप केलेलं लग्न उघडकीला आलं. कॅथलिक विद्यापीठ ते, त्याला बाहेर पडावं लागलं. हॅलसने लगेच उचलला. पण विद्यार्थ्याच्या तुकडीचं शिक्षण पुरं होईपर्यंत त्याला घ्यायचं नाही असा लीगचा (एनएफएल, म्हणजे बेअर्स ज्यात खेळत त्या व्यावसायिक संघांच्या संघटनेचा) नियम होता, म्हणून हॅलसला हजार डॉलर दंड बसला. मग सावोल्डी कुस्तीत गेला. एप्रिल १९३३ मध्ये शिकागो स्टेडियमवर जिम लाँडोसशी त्याची कुस्ती होती. लाँडोस म्हणजे त्या काळचा सर्वांत जास्त गर्दी खेचणारा पैलवान. पंचाने अचानक सावोल्डीला विजयी ठरवलं आणि लाँडोसच्या गोटात एकच हलकल्लोळ. ठरलेलं काही वेगळंच होतं!

म्हणूनच प्रमोटरांना फुटबॉलवाले आवडायचे. नाव आयतं तयार, अंगात खरीखुरी ताकद, आणि कुणी दगाफटका करायला गेलाच तर सहजासहजी आडवा न होणारा देह.

अवांतर: हाच सावोल्डी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातर्फे इटलीत उतरला होता. इटालियन येत होतं आणि मारामारी येत होती, आणखी काय पाहिजे?

---

अपर्णा_के

हेर-पैलवान-फुलबॅक! या सावोल्डीवर वेगळा धागा काढा, प्लीज.

फुटबॉलमधून कुस्तीत येणारा पहिला नागुर्स्कीच का?

---

मातीतला

नाही. वाट पाडली ती गस सोनेनबर्गने. बुटका, गाठोड्यासारखा गडी. १९२८ मध्ये विजेता ठरलेल्या प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर संघाचा खेळाडू. आणि ४ जानेवारी १९२९ ला, म्हणजे तो हंगाम संपून महिना-दीड महिना होतो न होतो तोच, बोस्टनमध्ये त्याने ‘स्ट्रँगलर’ लुईसला हरवून जगज्जेतेपद घेतलं. त्याआधीच्या कुस्त्या बघणं म्हणजे कसोटी होती. दोन पैलवान तासन्‌तास एकमेकांना धरून पडलेत, लोक जांभया देताहेत. सोनेनबर्गने काय केलं, तर फुटबॉलमधली धडक जशीच्या तशी उचलून रिंगमध्ये आणली. चार पावलं पळत यायचं आणि डोकं-खांदा समोरच्याच्या पोटात. हुकली तर स्वतःच दोऱ्यांमधून बाहेर. बघ्यांना वेड लागलं. आज रोमन रेन्स जो ‘स्पिअर’ मारतो त्याचं मूळ तिथे आहे.

जुन्या पैलवानांना मात्र हे पचलं नाही. याला एकही डाव येत नाही, नुसत्या टकरा मारतो, अशी ओरड होती. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एका फारशा नाव नसलेल्या पैलवानाने भर रस्त्यात सोनेनबर्गला टक्कर मारून लोळवलं. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत.

---

खडूस_काका

हा रस्त्यावरचा सामना तरी ठरवलेला नव्हता ना? 😄

---

मातीतला

त्या धंद्यात कशाचीच खात्री देता येत नाही काका.

---

रानवेडा

@मातीतला, दंडवत घ्या. धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी.

लेखात १९३२ चा सामना आटोपशीरपणाच्या नादात गाळला होता, तो इथे टाकतो, कारण नागुर्स्कीमुळे आख्खा खेळ बदलला म्हणतात ते या सामन्यामुळे. हंगामाअखेर बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स बरोबरीत होते, म्हणून एक जादाचा सामना ठरला. तारीख १८ डिसेंबर. शिकागोत कडाक्याची थंडी आणि बर्फ, बाहेर खेळणं अशक्य. मग सामना शिकागो स्टेडियमच्या छपराखाली हलवला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती, तिच्यासाठी पसरलेली माती तशीच होती. हत्ती-घोड्यांनी मागे काय काय ठेवलं असेल आणि वास कसा असेल ते तुम्हीच ताडा. शंभर यार्डांचं मैदान तिथे बसेना, म्हणून ऐंशी यार्डांचं आखलं. कडेच्या भिंती अगदी लगत.

पोर्ट्समथचा सगळ्यात मोठा खेळाडू डच क्लार्क आलाच नाही. तो कोलोरॅडोत एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला निघून गेला होता, कारण ती नोकरी कायमची होती. फुटबॉलची पत तेव्हा काय होती हे यावरून समजून घ्या.

शेवटच्या टप्प्यापर्यंत ०–०. मग गोलरेषा दोन-चार पावलांवर आली आणि चेंडू नागुर्स्कीकडे. सगळ्यांना वाटलं हा आता घुसणार. तो पुढे झेपावल्यासारखं करून थबकला, मागे सरला आणि रेड ग्रेंजकडे चेंडू फेकला. चेंडू गोलरेषेपार, सहा गुण, म्हणजे टचडाउन. पोर्ट्समथचा प्रशिक्षक भडकला. चेंडू पुढे फेकायचा तर फेकणारा चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या पाच यार्ड मागे असला पाहिजे असा तेव्हा नियम होता, आणि नागुर्स्की तेवढा मागे नव्हता असं त्याचं म्हणणं. पंचांनी ऐकलं नाही. सामना ९–० असा बेअर्सचा. पुढच्याच वर्षी लीगने नियम बदलला: रेषेच्या मागे कुठूनही फेका. आज सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) जी फेकाफेकी दिसते तिचा दरवाजा तिथे उघडला. नागुर्स्की तेवढा मागे होता की नव्हता? माझं मत, नव्हता. 😉

१९३३ चा अंतिम सामनाही असाच. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २३–२१, आणि शेवटच्या निर्णायक चालीची सुरुवात नागुर्स्कीच्याच फेकीने. म्हणजे ज्याला निव्वळ रेडा समजत होते, त्याने सगळ्यात मोठ्या दोन सामन्यांत डोकं वापरलं.

---

स्नोपुणेकर

आम्ही मिनिआपोलिसकर असल्याने हजेरी लावणं आलं. इंटरनॅशनल फॉल्स इथून गाडीने उत्तरेला पाच-सहा तास, नदीपलीकडे कॅनडा. देशाचा फ्रीज अशी त्या गावाची ख्याती आहे, आणि ती गावाने अभिमानाने मिरवली आहे. तिथे नागुर्स्कीचं संग्रहालय आहे, आणि शाळेच्या संघाचं नावच ‘ब्रोंकोज’.

इकडे त्याच्याबद्दल दंतकथांचा पाऊस असतो. सर्वांत लाडकी: विद्यापीठाचा प्रशिक्षक डॉक स्पिअर्स खेळाडूंच्या शोधात हिंडताना रस्ता चुकला. शेतात एक पोरगा नांगर धरून उभा होता, त्याला वाट विचारली. पोराने घोड्याशिवायचा नांगर एका हाताने उचलला आणि त्यानेच दिशा दाखवली. स्पिअर्सने त्याला तिथेच विद्यापीठात घेतलं. दुसरी, तो रिगली फील्डवर (बेअर्सचं तेव्हाचं मैदान) गडी उडवत, गोलचा खांब हलवत थेट विटांच्या भिंतीवर आदळला आणि परत येऊन म्हणाला, “तो शेवटचा जरा जोरात लागला.” आणि तिसरी माझी आवडती. कुस्ती सोडल्यावर त्याने गावात पेट्रोल पंप चालवला. लोक म्हणायचे, एकदा ब्रोंकोने टाकीचं झाकण फिरवून बसवलं की दुसऱ्या कुणाला ते उघडत नाही, म्हणून गिऱ्हाईक झक मारत त्याच्याकडेच परत येतं.

नांगराच्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवू नये. झाकणाच्या गोष्टीवर ठेवायला हरकत नाही, कारण त्याच्या बोटातली अंगठी साडेएकोणीस मापाची होती. साधारण पुरुषाची अमेरिकन मापात दहाच्या आसपास असते.

---

वरळीवाला

वाचनखूण साठवली. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसं वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या दारा सिंग-किंगकाँगच्या कुस्त्यांच्या गोष्टी रंगवून सांगायची, त्याची आठवण आली. त्या कुस्त्यांचा आणि या नागुर्स्कीचा काही संबंध लागतो का?

---

रानवेडा

लागतो, आणि एकाच माणसाच्या मध्यस्थीने लागतो. लू थेझ. थेझ हा खरी कुस्ती कोळून प्यायलेला माणूस, समोरच्याचे हातपाय जखडणारी कुलपं घालण्यात वाकबगार. २३ जून १९३९ ला ह्यूस्टनमध्ये नॅशनल रेसलिंग असोसिएशनचा जगज्जेता म्हणून तो नागुर्स्कीसमोर उभा राहिला आणि हरला. त्या कुस्तीत थेझच्या गुडघ्याची वाटी मोडली. मार्च १९४० मध्ये सेंट लुईसला रे स्टीलने नागुर्स्कीकडून पट्टा घेतला, मार्च १९४१ मध्ये नागुर्स्कीने तो मिनिआपोलिसला परत मिळवला, जूनमध्ये शांडोर साबोने काढून घेतला.

थेझ मात्र पुढे तीन दशकं टिकला, आणि १९६८ मध्ये मुंबईत दारा सिंगने त्याला हरवलं. थेझ तेव्हा पन्नाशी ओलांडलेला.

---

वरळीवाला

म्हणजे नागुर्स्कीने ज्याला पाडलं त्याला आपल्या दारा सिंगने पाडलं. घरी सांगतो आजच!

---

खडूस_काका

दोन्ही निकाल कुणी ठरवले होते तेही सांगा घरी.

---

अपर्णा_के

काका 😂

मला मात्र या सगळ्यात अर्नी लॅड जास्त भिडतो. नागुर्स्कीच्या पुढच्या पिढीतला. सहा फूट नऊ इंच, तीनशे पौंडांच्या वर. १९६१ पासून सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळला, १९६३ ला त्यांनी एएफएलचं (एनएफएलच्या प्रतिस्पर्धी लीगचं) विजेतेपद मिळवलं, अंतिम सामना ५१–१०! आणि हाही फुटबॉल चालू असतानाच हंगामाबाहेर कुस्त्या करायचा, कारण तेच. तीस वर्षांनीही फुटबॉलचा पगार पुरत नव्हता.

जानेवारी १९६५ मध्ये एएफएलचा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला होता. तिथे उतरल्यावर कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाले घेईनात, क्लबवाले दारातून हाकलू लागले. एकवीस खेळाडूंनी ठरवलं, या गावात आम्ही खेळणार नाही. त्यात लॅड होता. लीगला सामना ह्यूस्टनला हलवावा लागला. आणि हाच माणूस कुस्तीत खलनायक म्हणून उभा राहिला, मुद्दाम. लोकांनी शिव्या घालाव्यात म्हणून तिकिटं काढायला लावायची आणि ते पैसे घेऊन घरी जायचं. खलनायकाची भूमिका करण्यात केवढं भान होतं बघा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर फुटबॉल सुटलं, कुस्ती पुढे १९८० च्या दशकापर्यंत चालली.

---

मातीतला

+१. लॅडबरोबर वाहू मॅकडॅनियल पण घ्या. चोक्टॉ-चिकसॉ वंशाचा, ओक्लाहोमाचा लाइनबॅकर (बचावफळीत मागे उभा राहून चेंडूवाल्याला पाडणारा), पुढे न्यूयॉर्क जेट्समध्ये. पोरवयात टेक्सासमधल्या मिडलंडला बेसबॉल खेळायचा, तेव्हा त्याचा प्रशिक्षक होता थोरला जॉर्ज बुश. होय, तोच राष्ट्राध्यक्ष.

---

स्नोपुणेकर

धागाकर्ते, १९४३ राहिलं ना! तोच तर खरा कळस.

---

रानवेडा

ते शेवटी ठेवलं होतं. घ्या.

महायुद्धामुळे निम्मे खेळाडू सैन्यात, बेअर्सकडे माणसं नाहीत. सहा वर्षं फुटबॉलला हातही न लावलेल्या नागुर्स्कीला परत बोलावलं. वय पस्तीस, सांधे कुस्तीने खिळखिळे. कबूल झालं ते असं की टॅकल म्हणून खेळेल, चेंडू घेऊन पळणार नाही. हंगामातला शेवटचा सामना शिकागो कार्डिनल्सविरुद्ध, जिंकला तरच अंतिम फेरी. तिसरा टप्पा संपला तेव्हा बेअर्स २४–१४ ने मागे. तेव्हा नागुर्स्कीला फुलबॅकच्या जागी आणलं. प्रेक्षकांना काय होणार ते कळलं, कार्डिनल्सनाही कळलं, आणि कळूनही काही करता आलं नाही. पुन्हापुन्हा तोच चेंडू, तीच मुसंडी. सामना ३५–२४. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ४१–२१ असं हरवलं, त्यात नागुर्स्कीचा एक टचडाउन. मग पुन्हा गावी, आणि पुन्हा कुस्त्या. त्या त्याने जवळजवळ पन्नाशीपर्यंत ओढल्या.

१९६३ ला फुटबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं, पहिल्याच तुकडीत त्याचं नाव. कुस्तीत तो थेझ किंवा लाँडोसच्या पंगतीत बसत नाही असं जाणकार म्हणतात आणि मला ते पटतं. त्याचा डाव म्हणजे धडक, बाकी यथातथाच. पण घर, शेत आणि लेकरांची शिक्षणं जर कशावर झाली असतील तर कुस्तीच्या गल्ल्यावर. फुटबॉलने नाव दिलं, पैसे या दुय्यम धंद्याने दिले.

---

खडूस_काका

बरं, मान्य. जगज्जेता म्हणा हवं तर.

मुलं खेळली का पुढे?

---

रानवेडा

थोरला खेळला. ब्रोंको ज्युनिअर, नोत्र दामकडून आणि मग कॅनडात हॅमिल्टनच्या संघाकडून, टॅकल म्हणून. कुस्तीच्या वाटेला गेला नाही.